दुसरं बोलावणं

तात्या, गेल्या रविवारी मी आपल्या घरी लोकांना खायला बोलावलं होतं. जेवायला असंही नाही आणि न्याहारीला असंही नाही, त्या दोन्हींच्या मधलं. शहरात त्याला ब्रंच म्हणतात. सकाळी उशिरा, साडेदहा ते एकच्या दरम्यान ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने यायचं, आपल्या हाताने वाढून घ्यायचं, वाटेल तिथे बसायचं, गप्पा मारायच्या आणि निघायचं. कारण काही नाही. बारसं नाही, जागरण नाही, कुणाचं वर्षश्राद्ध नाही. तुम्ही असता तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं, 'कशापायी?' आईनेही तेच विचारलं. मी म्हणाले, 'कशापायी नाही. माणसं एकत्र बसावीत म्हणून.' आई शेंगा फोडत होती. वर न बघता ती म्हणाली, 'मानसं बसतील गं. पर त्यांना बोलवाया कोन जानार?' मी म्हटलं, बोलवून तर झालंय, गुरुवारी सगळ्या आळीत सांगून आले, मोबाईलवरही टाकलंय. आईने पुढच्या शेंगेचं टरफल फोडलं. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला रविवारी दुपारी दोन वाजता कळला. हे तुम्हाला लिहिण्यासारखं आहे, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे पदवी झाली, आपल्या घरातली पहिलीच. आता नगरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आई अजून 'नगरची गाडी' म्हणते. आमच्या लॅबच्या मॅडमनी मागच्या वर्षी एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं होतं. टेबलावर पोहे, पाव, फळं, दही मांडून ठेवलेलं. मॅडम स्वतःच हातात बशी घेऊन बसलेल्या. 'घ्या हं आपापलं,' एवढंच म्हणाल्या. कुणी कुणाला वाढत नव्हतं, कुणी आग्रह करत नव्हतं, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. लॅबमध्ये फरशी पुसणाऱ्या मावशी, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून कलिंगड खात होत्या. मला ते इतकं आवडलं की परत येताना माझे डोळे भरून आले. कारण मला आपल्याकडच्या पंगती आठवत होत्या. आधी पुरुष, मग बायका, मग वाढणारे, आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. मनात म्हटलं, एक दिवस आपल्या घरी असं जेवण करायचं, ज्यात शेवटी कुणीच नसेल.

शेवटी तुम्हीच का असायचात, हे लहानपणी मला साधं वाटायचं. गावात कुणाचंही कार्य असलं की आदल्या दिवशी घरोघर आवतन जायचं, ते कुणीही द्यायचं. पण त्या दिवशी स्वयंपाक झाल्यावर दारोदार जाऊन 'चला' म्हणायचं काम तुमचं. आवतन मिळालं म्हणून कुणी आपण होऊन उठून जात नसे, दुसरं बोलावणं आल्यावरच माणसं निघायची. तुम्ही पांढरी टोपी झटकून घालायचात, खांद्यावर टॉवेल टाकायचात आणि वेशीकडच्या टोकापासून सुरुवात करायचात. मी सात-आठ वर्षांची असताना तुमच्या मागे पळत यायचे. तुम्ही उंबऱ्याच्या आत पाय टाकत नव्हतात. बाहेर उभं राहून, माणूस बघून हाक बदलायचात. कुणाला 'पाटील, चला', कुणाला 'ए भाऊसायेब, ऊठ की, का खांद्यावर न्यायचं?', आणि रुसलेल्या घरापाशी नुसतंच खोकून, 'मी हितं बसलोय बरं का, तुमी निगाल्याबिगर उठनार न्हाई.' कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा उपास आहे, कोणाला शिपी आमटीचं तिखट सोसत नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात. आणि प्रत्येक दारात शेवटचं वाक्य एकच, 'पानं वाढल्यात.'

ते खोटं असायचं. मी मांडवात आत्ताच भाताला आधण ठेवलेलं बघून आलेली असायचे. एकदा तुम्हाला रस्त्यातच म्हटलं, तात्या, तुम्ही खोटं बोलता. तुम्ही हसलात. म्हणालात, 'वाढल्यात म्हनल्यावर मानूस उठतं. वाढनार हायत म्हनलं तर बसून ऱ्हातं.' एवढंच सांगितलंत. त्यातलं खरं काय होतं ते सांगितलं नाहीत, किंवा मी विचारलं नाही.

मग मी जामखेडला कॉलेजला जायला लागले. रोज बसने जायचे, इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला बॅग. अकरावीत असताना गावात एक मोठं लग्न होतं आणि माझ्या वर्गातली एक मैत्रीण पाहुणी म्हणून आली होती. तुम्ही आमच्या समोरून दोन-तीनदा गेलात, घामाने भिजलेले, एकेक घर घेत. तिने विचारलं, 'हे कोण गं? लग्नवाल्यांचा गडी का?' मी म्हटलं, 'असेल.' तात्या, हे मी आईलाही आजवर सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन पाय धूत होता तेव्हा मी तुमच्यावर चिडले. म्हणाले, लोकांच्या दारोदार हिंडायची काय गरज आहे तुम्हाला? लोक गडी समजतात. आपलं शेत आहे, आपण कुणाचे नोकर नाही. ज्याला जेवायचंय तो येईल की आपल्या पायाने. स्वाभिमान म्हणून काही असतो. कॉलेजात नुकतेच शिकलेले सगळे चांगले शब्द मी त्या दिवशी तुमच्यावर वापरले. तुम्ही टॉवेलने पाय पुसत राहिलात. मग म्हणालात, 'बरं बाय. तू म्हनतीस तर ऱ्हायलं.'

आणि खरंच राहिलंत. पुढच्या लग्नाला, दोन महिन्यांनी, लग्नवाले सांगायला आले तेव्हा तुम्ही गुडघ्याचं निमित्त सांगितलंत. त्या दिवशी सकाळपासून तुम्ही आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसला होता. मी मैत्रिणींबरोबर पुढे गेले, बायकांच्या पंगतीत जेवून आले. तुम्ही ओट्यावरच. रस्त्याने कुणी आलं की मान वर करायचात. कुणीतरी दोन पोरं चार घरं हाका मारून परत गेली होती, आपल्या दारापर्यंत कुणी आलंच नव्हतं. येणार कसं? इतकी वर्षं बोलवायला जाणारा माणूस तुम्ही, त्यामुळे तुम्हाला बोलवायचं असतं हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. ऊन ओट्यावर आलं तेव्हा तुम्ही टोपी काढून खुंटीला अडकवलीत आणि आईला म्हणालात, 'भाकर असंल तर वाढ.' मी घरातच होते. पुस्तक उघडून बसले होते. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मनात म्हटलं, चला, एक माणूस तरी सुधारला.

तुमच्या तेराव्याला कोणी कुठली घरं बोलवायची ते कळेना. शेवटी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, जेवणाची तयारी झालेली आहे, तरी ग्रामस्थांनी लाभ घ्यावा. तेव्हापासून गावात भोंगाच सांगतो.

तर गेल्या रविवारी. साखर कारखान्यावरून ऊसतोडीची माणसं परत आली होती, आळीतली कुलपं उघडली होती, म्हणून तो रविवार धरला. शनिवारी माझी लॅबमधली मैत्रीण मुक्कामाला आली. सकाळी आम्ही ओटा धुतला, लिंबाच्या सावलीत सतरंज्या टाकल्या, आईने थालीपिठं लावायला घेतली, मी पोहे केले. शेंगदाण्याची चटणी, दही, ताकाचा माठ, कापलेलं कलिंगड. सगळं मांडून त्यावर पातळ कापड टाकलं आणि मी हात पुसून बसले. आळीतल्या प्रत्येक घरी मी गुरुवारी स्वतः गेले होते. वेशीकडच्या शेवटच्या घरात तुमची चुलत बहीण, आपली आत्या, आता एकटीच असते, तिच्याकडेही गेले होते. तिला बरं वाटावं म्हणून मी जुना शब्द वापरला. म्हणाले, 'आत्या, चूलबंद आवतन हाय तुला.' चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, असेल नसेल ते सगळं घर जेवायला. घरात ती एकटी. ती इतकी हसली. म्हणाली, 'मग तर चुलीत मांजर निजवीन बाई.'

साडेदहा वाजले, अकरा वाजले. अकराला सोसायटीचे चेअरमन आणि त्यांचे दोघे पुतणे आले, पाठोपाठ शाळेतले गुरुजी. चेअरमन सतरंजीवर ऐसपैस बसत म्हणाले, 'काय गं, पव्हं खायला बोलावलं व्हय? मला वाटलं साखरपुडाच उरकतीस का काय!' सगळे हसले, मीही हसले. एक पुतण्या म्हणाला, 'तात्या असते तर आत्तापत्तूर आर्धं गाव हितं आनलं असतं.' चेअरमन म्हणाले, 'आन् भात शिजायच्या आदी!' पुन्हा हसू. त्यांनी थालीपिठं आवडीने खाल्ली, ताक दोनदा मागून घेतलं, माझ्या मैत्रिणीला खर्ड्याचा किल्ला बघून जा म्हणून सांगितलं आणि साडेबाराला उठले. त्यानंतर कोणी आलं नाही. समोरच्या घरातल्या वहिनी दारात उभ्या दिसल्या, नवी साडी नेसलेल्या. मी हात हलवला. त्यांनीही हलवला आणि आत गेल्या.

आई दोनदा म्हणाली, 'मी जाऊन येते का चार घरी?' मी नको म्हटलं. म्हटलं, आपण सांगितलंय, आता पुन्हा पुन्हा म्हणणं म्हणजे जबरदस्ती. ज्याला वाटेल तो येईल. मैत्रीण म्हणाली, बरोबर आहे, शहरातही दहातले चारच येतात. आई तव्यासमोर बसून होती. तव्यावरचं थालीपीठ तिने उलटलं, मग पुन्हा उलटलं, आणि गॅस बंद केला. एक वाजता पोह्यांवरची कोथिंबीर काळी पडली होती. मैत्रीण दीडच्या गाडीने गेली. मी कलिंगडाच्या फोडींवर बसलेल्या माशा हाकलत बसले होते. तेव्हा मला राग येत होता, आणि राग गावाचा येत होता. यांना काही नवीन करून दाखवलं तर नकोच असतं, असं मी आईला म्हणाले. आई म्हणाली, 'आत्याला तरी डबा देऊन ये. म्हातारी हाय.'

मी चार थालीपिठं आणि दही घेऊन गेले. आत्या उंबऱ्यावर बसली होती. इरकली लुगडं नेसलेलं, कपाळ पुसून स्वच्छ, केसांना पाणी लावून विंचरलेले, काठी मांडीवर आडवी. मला बघताच काठी टेकवून उठायला लागली. 'आलीस व्हय? चल चल. मी म्हनलं इसरलं का काय.' मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडे गेलं आणि ती अर्धी उठलेली तशीच खाली बसली. 'झालं व्हय समदं?'

मी म्हटलं, 'आत्या, तू आली का नाहीस? मी सांगितलं होतं ना, कधीही ये.'

'कदीबी म्हंजी?' आत्या म्हणाली. 'कुनी हाळी घातली न्हाई. मी सकाळधरनं बसलीया हितं. म्हनलं येईल कुनीतरी.'

मी आत डोकावले. चूल सारवलेली होती. सारवण वाळून पांढरं पडलं होतं. सकाळपासून तिच्या पोटात कपभर चहाशिवाय काही नव्हतं आणि दोन वाजून गेले होते. मी म्हटलं, आत्ता चल, मी हात धरते, आई ताजं लावून देईल. ती नाही म्हणाली. 'आता नगं. समदी उठून गेल्यावर मी एकटी जाऊन बसू व्हय?' मग डबा घे, म्हटलं. तिने मान हलवली. 'ठेव तितं. डबा आजारी मानसाला देत्यात गं.' मी विचारलं, रागावलीस का. तर म्हणते, 'राग कशाचा. तू मोठी साळा शिकलीस, ह्ये तुला कुनी सांगितलं न्हाई, त्यात तुजा काय दोष.' तात्या, ज्याने सांगायचं त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

मग ती आपणच बोलायला लागली. तुमच्याबद्दल. म्हणाली, तुझा बाप पहिली हाळी मला घालायचा. समद्या गावाच्या आदी. 'माजा पाय असा. गावासंगं निगाले तर मी पोचस्तवर दोन पंगती उठायच्या. म्हनून भात चुलीवर चढला की त्यो यायचा आन् म्हनायचा, आक्का, पानं वाढल्यात, ऊठ. मला ठावं हुतं वाढली नसत्यात. त्यालाबी ठावं हुतं मला ठावं हाय. पर उठावं लागायचं.' ती हसली. 'आन् रांडमुंड बाई मी, लग्नाच्या मांडवात कशाला जाती? त्यो म्हनायचा, तू आल्याबिगर पंगत बसत न्हाई, येवस्थापकानं सांगितलंय. कसला येवस्थापक आन् काय!'

मला तुमचा रस्ता आठवला. वेशीकडच्या टोकापासून सुरुवात. मला वाटायचं, ते गावाचं टोक म्हणून. ते टोक आत्याचं होतं. पुढे लंगड्या शिंप्याचं घर, मग बाळंतिणीचं, मग रुसलेले, मग आम्ही सगळे चालते-फिरते, आणि पाटील-चेअरमन सगळ्यांत शेवटी, कारण ते न बोलवताही येणारच. रविवारी माझ्या दारात नेमके तेवढेच आले. मी सगळ्यांसाठी सारखं दार उघडं ठेवलं होतं, आणि त्यातून तेच आत आले ज्यांना आपण कुठेही नकोसे असू असा संशय आयुष्यात कधी आला नाही. माझी समानता मांडलेल्या पोह्यांवर कापड टाकून बसून राहिली होती. तुमची मात्र टोपी घालून उन्हात फिरायची.

मी परत येताना समोरच्या वहिनींना विचारलं, तुम्ही का नाही आलात? त्या म्हणाल्या, 'आमी तयार हुतो की. म्हनलं बोलवाया येताल. चेअरमन गेलं म्हनल्यावर वाटलं मोठ्या मानसांचंच हाय काय तरी.' एवढं बोलून त्याच ओशाळल्या. घरी आले तर आईने सतरंज्या झटकून ठेवल्या होत्या आणि उरलेले पोहे शेजारच्या म्हशीपुढे टाकायला काढले होते. ती तुमच्या खुंटीकडे बघून म्हणाली, 'टोपी हाय बग अजून. धुवून ठिवलीया मी.' मी ती हातात घेतली. आतल्या कडेला तुमच्या घामाची पिवळी रेघ अजून आहे, इतक्यांदा धुऊनही गेलेली नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा करायचं असं आई म्हणते. या वेळी मीच जाईन, आत्याच्या दारापासून सुरुवात करीन, असं मी तिला कबूल केलंय. पण मला जमेल की नाही माहीत नाही. परवा आरशासमोर उभी राहून हळूच म्हणून बघितलं, 'आत्या, पानं वाढल्यात.' आवाज निघाला नाही. रिपोर्टवर एक आकडा चुकीचा जाऊ नये म्हणून दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसणारी मी, मला ते खोटं तुमच्यासारखं येणार नाही. आणि आत्या त्या दिवसापासून मला बघितलं की हसते, खूप मायेने हसते, पण तिच्याकडे गेले तर माझ्या आधी माझ्या हातांकडे बघते, डबा आणलाय का म्हणून.

हे कुठे टाकायचं नाही. लॅबच्या जुन्या वहीत लिहिलंय, तिथेच राहील. तुम्हाला वाचता कमी यायचं, मीच पत्रं वाचून दाखवायचे, आणि नको ते गाळून दाखवायचे, हेही आता आठवतं. म्हणून आज एक गोष्ट गाळत नाही. त्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी, मी मांडवातून जेवून घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावरून मला विचारलं होतंत, 'पंगती उठल्या का गं?' मी चप्पल काढत म्हणाले, 'केव्हाच.' तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि मग थोड्या वेळाने टोपी काढलीत.

तात्या, तेव्हा मांडवात पुरुषांची दुसरी पंगत बसत होती. पानं वाढत होते.